दोन चाकांचं घर आणि आईची येळवस

आईला शेतात न्यायचं, एवढंच काम होतं. ते बैलगाडीनं झालं असतं, हे आता शेंबडं पोरही मला सांगेल. पण मी पडलो हेडक्लार्क. सरळ काम सरळ झालं की आपण एखादा कागद जोडायचा विसरलो, असं मला दिवसभर वाटत राहतं.

साल अठ्ठ्याहत्तर. मी आळंदला एका सरकारी कचेरीत होतो. कन्नडची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालो होतो. हे कुणी विचारत नाही, तरी सांगतो, कारण दुसऱ्या खेपेला चूक पेपर तपासणाऱ्याची होती. आमचं गाव खजुरी. धाकटा भाऊ अंबाजी तिथं राहून शेती करायचा, आणि आई, म्हणजे वच्छलाबाई, गुडघे धरल्यापासून माझ्याजवळ आळंदला होती. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा खजुरी म्हैसूरकडं गेली आणि आमचं सात एकर रान मुंबई राज्यात, म्हणजे आताच्या महाराष्ट्रात, गेलं. बैलांना हे कुणी कळवलं नाही, त्यामुळं ते बावीस वर्षं शेतवाटेनं बिनबोभाट येत-जात राहिले.

त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास नोटीस आली. आमचं रान पाझर तलावात जाणार होतं. उन्हाळ्यात बांध घालणार, पावसाळ्यात पाणी भरणार. मी नोटीस तीनदा वाचली आणि तिच्यात शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. आईला वाचता येत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती. मी वाचून दाखवल्यावर म्हणाली, "गुंडू, यंदाच्या येळवशीला मला शेतात ने बाबा. चाळीस वर्सं त्या मातीत हात घातलेत. एकदा तिला सांगून येते की आता निघते म्हणून."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर असा निवद दाखवायचा, आंबील शिंपडत शेताला फेरा घालायचा. घरातली थोरली बाई शिंपडते. आई चार वर्षं गेली नव्हती, कारण गाडीचा हिसका तिच्या गुडघ्यांना सोसत नव्हता.

अंबाजी आला तेव्हा म्हणाला, "अण्णा, काळजी कामून करायलास? गाडीत दोन गाद्या टाकतो, खाली वैरण टाकतो. आईला पाळण्यात बसवल्यावाणी नेतो." मला ते लागलं. थोरला लेक मी, पगारदार मी, आणि आईला अखेरचं शेत दाखवणार वैरणीवर बसवून अंबाजी? मी म्हणालो, "मी बघतो." हे दोन शब्द मी कचेरीतही फार वापरायचो, आणि तिथंही त्यांचं पुढं काही चांगलं झाल्याचं आठवत नाही.

आमचे शेजारी वीरण्णा, तुरीच्या डाळीचे व्यापारी. पुड्या बांधायला त्यांच्या दुकानात रद्दी यायची. त्या रद्दीत मला एक विलायती मासिक सापडलं. त्यात एक फोटो होता. मोटारीमागं जोडलेलं एक चाकांचं घर, दाराला पडदा, आत पलंग, चूल, आणि बाहेर खुर्चीवर एक म्हातारी हातात कप घेऊन हसत बसलेली. तिच्या गुडघ्यांना जगात कसली तक्रार दिसेना. मी तो कागद घडी करून खिशात घातला. वीरण्णांनी पाव शेर डाळ दुसऱ्या कागदात बांधून दिली. त्यांच्याकडं जीप होती, आणि ती ओढायला द्यायला ते तयार होते. "हौद्री, हो की गुंडेराव," ते म्हणाले, "जीप घ्या की. पण मागं काय जोडनार, त्ये बगा आधी."

बघण्यात पुढचे अडीच महिने गेले.

पहिली पाहिली ती ट्रॅक्टरची ट्रॉली. मजबूत होती, पण आदल्या आठवड्यात तिच्यातून शेणखत नेलेलं होतं आणि ती गोष्ट ट्रॉली लपवत नव्हती. आमची सौभाग्यवती, सरूबाई, पदर नाकाला लावून म्हणाली, "अहो, सासूबाईंचे गुडघे दुखतात, नाक शाबूत हाय." दुसरा होता तंबूतल्या सिनेमाचा तिकिटं विकायचा डबा. कंपनी बुडाली होती, डबा गंजोटीच्या रस्त्याला पडून होता. छप्पर होतं, खिडकी होती, मला पसंत पडला. बसून बघायला म्हणून आईला आत बसवलं आणि मी टेप घेऊन मागची बाजू मोजायला गेलो. परत येतो तो खिडकीसमोर तिघेजण उभे. पहिल्यानं आत नाणं ठेवलं होतं आणि आई त्याला विचारत होती, "कुणाच्या घरचा रं तू?" तो डबा मी तिथंच सोडला.

तिसरा मिळाला मस्तानसाबांमुळं. मस्तानसाब आमच्या गावचे मिस्त्री. लोखंड आणि लाकूड दोन्ही त्यांचं ऐकायचं, गिऱ्हाइकाचं मात्र त्यांनी कधी ऐकलं नाही. हैदराबादच्या भंगार बाजारातून त्यांनी लष्करातला जुना जीप-ट्रेलर आणला. दोन चाकांचा, उघडा, हिरवा. "साब, इस पे आदा टन बारूद लेके जाते थे. अम्मा का क्या वजन?" म्हणाले. वर लाकडी सांगाडा आणि पत्रा घालून घर करायचं ठरलं.

आता घर म्हटल्यावर गल्ली गप्प बसते काय? पहिला प्रश्न दाराचा. जोशीबुवांना विचारलं. त्यांनी अर्धा तास बोटं मोजली आणि म्हणाले, "मागं दार ठेवाल तर खजुरीकडं जाताना त्याचं तोंड दक्षिणेला येतं. ते वाईट. येताना उत्तरेला येतं. ते उत्तम. तेव्हा तुम्ही आत फक्त येताना बसा." मी म्हणालो, जायला काय करू? ते म्हणाले, जायचं काम शास्त्रात येत नाही. म्हणून दार बाजूला काढलं. मस्तानसाब कुरकुरले, "एक बाजू वजन पडता साब, नक्को करो." पण शास्त्रापुढं मिस्त्रीचं कोण ऐकणार.

मग सरूबाईनं उंबऱ्याचा विषय काढला. उंबऱ्याशिवाय घर असतं का, म्हणाली. शेजारच्या चार बायका तिच्या बाजूनं. शिसवी उंबरा बसवला, चांगला वीतभर उंच. मग पलंग, मग चुलीला पत्र्याचा कोनाडा, मग देवाची फळी, मग खिडकीला फुलाफुलाचा पडदा. सगळं झाल्यावर आईला आत चढवून बघितलं. जमिनीपासून पायरी, पायरीवरून उंबरा, आणि गुडघा वाकत नाही. शेवटी मी खालून आणि सरूबाईनं वरून असं तिला आत घेतलं. बैलगाडीत चढताना तिला एकट्या अंबाजीचा हात पुरायचा, हे तेव्हा आम्हां दोघांच्याही मनात आलं असणार.

आई पलंगावर बसली, पडद्याला हात लावून म्हणाली, "चांगलं हाय रं. येळवशीला जायलोत न्हवं?" मी म्हणालो, हो तर. ती रोज हेच विचारायची आणि मी रोज हो म्हणायचो.

आता नोंदणी. इथं माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, असा माझा समज. फॉर्ममध्ये एक रकाना होता, वापराचा उद्देश. वीरण्णा म्हणाले, "माल लिवा आन मोकळं व्हा. समदे तसंच लिवतेत." मी त्यांना विचारलं, "माझी आई माल आहे काय?" आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: कुटुंबासह वास्तव्य. बावीस वर्षं मी लोकांचे फॉर्म खोट्या माहितीसाठी परत पाठवले होते. स्वतःच्या फॉर्मात खोटं कसं लिहू? त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

बारा दिवसांनी फॉर्म परत आला. वास्तव्य असेल तर हे वाहन नव्हे, वास्तूची नोंद नगरपालिकेत करावी. शेरा अगदी मीच लिहिल्यासारखा होता, त्यामुळं त्यावर भांडताही येईना. नगरपालिकेत गेलो. तिथल्या माणसानं येऊन उंबरा बघितला, चूल बघितली, देवाची फळी बघितली, लांबी-रुंदी मोजली आणि पत्र्याची एक पाटी दिली. घर क्रमांक चार-एकवीस. खाली गोल शिक्का. येळवशीला पाचच दिवस उरले होते. मला वाटलं, शिक्का आहे ना, मग झालं. सरकारी माणसाला शिक्का दिसला की तो कशाचा आहे हे तो बघत नाही. इतरांच्या बाबतीत मी नेहमी बघत आलो होतो.

येळवशीला पहाटे सगळं भरलं. भज्जीचं पातेलं, उंड्यांची टोपली, खीर, आंबिलीचं बिंदगं. आईनं हिरवं लुगडं नेसलं होतं, ट्रंकेतलं. आमची पोरं जीपमध्ये, आई नि सरूबाई चाकांच्या घरात, मी वीरण्णांच्या शेजारी. मस्तानसाबांचं खरं ठरलं. दाराच्या बाजूला वजन पडून घर पूर्ण रस्ताभर एका खांद्यानं चाललं. मैल-दीड मैलाला आतून सरूबाईचा आवाज यायचा, "अहो, आंबील." पहिल्या वळणाला अर्धं बिंदगं सांडलं, दुसऱ्याला देवाची फळी निखळली. आईचा आवाज एकदाच आला. ती सरूबाईला म्हणाली, "असू दे. त्येला सांगू नगस."

खजुरी मागं टाकली. बैलगाडी असती तर इथंच डावीकडं शेतवाटेला लागली असती. पण ट्रेलर त्या वाटेला बसत नव्हता, म्हणून आम्ही डांबरी सडकेनं पुढं गेलो, आणि तिथं राज्याच्या हद्दीचा नाका होता. मी जन्मात तो नीट बघितला नव्हता. बांबू आडवा, बाजूला खोपट, खोपटात एक तरुण साहेब. कुठून तरी लांबून बदलून आलेला असावा, कारण येळवशीलाही कामावर होता.

"ट्रेलरचा नंबर?" त्यानं विचारलं.

मी पाटी दाखवली. त्यानं ती वाचली, मागं गेला, उंबरा बघितला, पडदा बाजूला सारून आत आईला बघितलं आणि तिला नमस्कार केला. परत येऊन म्हणाला, "काका, हा घराचा नंबर आहे."

"घरच आहे ते."

"मग घर रस्त्यावरून परराज्यात नेता येत नाही. आणि वाहन असेल तर नोंदणी दाखवा, परवाना दाखवा."

तो हसत नव्हता. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. वर तो म्हणाला, "जीपचे कागद बरोबर आहेत. आजींना जीपमध्ये घ्या आणि जाऊन या. हे इथं राहू दे, मी लक्ष ठेवतो."

वाचकहो, इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. नाक्यावरून आमच्या बांधावरच्या बाभळी दिसत होत्या. कोपीचा धूर दिसत होता. जीपनं दहा मिनिटं. वीरण्णा तर उठून दार उघडायलाही लागले. पण अडीच महिने मी गल्लीला, कचेरीला, अंबाजीला सांगत आलो होतो की आईला मी घरासकट नेणार. आणि हा कालचा पोरगा माझा शिक्का मानत नव्हता. मी म्हणालो, "लेखी द्या."

"काय लेखी?"

"हेच. की घर अडवलं. कलम घाला."

तो म्हणाला, लेखी वरच्या कचेरीतून घ्यावं लागेल. मी म्हणालो, मागवा. तो म्हणाला, आज येळवस, तिथं कोणी नसेल. मी म्हणालो, थांबतो. असं मी माझ्या टेबलासमोर लोकांना फार थांबवलं होतं. स्वतः थांबणं काय असतं ते त्या दिवशी कळलं, पण उशिरा.

वीरण्णा तासभर थांबले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुंडेराव, माझीबी येळवस हाय. चिंचेखाली समदे वाट बघायलेत. अजून बी सांगा, अम्माला सोडतो आन जातो." मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी ट्रेलर सोडला, खाली दगड लावले, आणि जीप वळवून गेले. संध्याकाळी येतो म्हणाले.

सरूबाई खाली उतरून माझ्याजवळ आली. हळू म्हणाली, "अहो, भाऊजींना निरोप धाडा. गाडी घेऊन येतील. दिवस हाय अजून." मी तिच्यावर ओरडलो. सडकेवर, पोरांसमोर. अंबाजीची गाडी यायची आणि माझ्या घरासमोरून माझ्या आईला घेऊन जायची, हे मला चालणार नव्हतं. ती आत जाऊन आईजवळ बसली.

दुपार झाली. उन्हानं पत्रा तापला. आईला मी खाली घेतलं नाही, कारण घेतलं तर परत चढवावं लागलं असतं. तिनं खिडकीतून विचारलं, "गुंडू, कागुद आला का?" मी म्हणालो, येईल. तिनं पोरांना जेवू घातलं, नाक्यावरच्या साहेबाला भज्जी आणि भाकरी पाठवली. त्यानं खोपटाबाहेर उकिडवं बसून खाल्लं आणि ताट स्वतः धुऊन आणून दिलं. मी जेवलो नाही. उपाशी राहिलं म्हणजे आपली बाजू खरी होते, असा माझा तेव्हाचा विचार.

दिवस कलला तशी शेतांतून माणसं पेंढ्या पेटवून फेरा घालायला लागली. तेव्हा अंबाजी आला, बैल पळवत. सकाळपासून वाट बघून शेवटी खजुरीपर्यंत जाऊन शोधून आला होता. त्यानं घर बघितलं, मला बघितलं, आणि गाडीतल्या गाद्या झाडल्या. "चल आई."

आईनं खिडकीतून शेताकडं बघितलं. "आता न्हाई रं अंबू. पेंढ्या पेटल्या. पांडव झाकले असतील. दिवा लागल्यावर रानाला जागं करू न्हाई." अंबाजीनं दोनदा सांगितलं. ती नको म्हणाली. आणि मग मला म्हणाली, "तू जेवून घे. उगं पित्त व्हतंय तुला." तेवढंच. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. माझ्याकडं उत्तरं पुष्कळ होती.

लेखी काही आलं नाही. ट्रेलर परत आळंदला आणला, अंगणात उभा केला. वास्तू म्हणून त्याची नोंद असल्यानं नगरपालिका दरवर्षी घरपट्टीची नोटीस पाठवते आणि मी ती वास्तू पाडायची परवानगी मागणारा अर्ज दरवर्षी करतो. दोन्ही कागद एकमेकांना अजून भेटलेले नाहीत. आत सध्या सरूबाईच्या गोवऱ्या असतात.

अधल्यामधल्या दिवशी रानाला निरोप द्यायला आई तयार नव्हती. उन्हाळ्यात तलावाचा बांध उभा राहिला. पाऊस बरा झाला. पुढच्या येळवशीला मी आईला बैलगाडीनं नेलं. मी, आई, अंबाजी. वैरण, दोन गाद्या, शेतवाट. एकदाही ती हुं की चूं म्हणाली नाही. सगळ्या वाटेत मला लाज वाटत होती आणि ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं. बांधावर गाडी थांबली. पुढं नुसतं पाणी. वाऱ्यानं हलणारं, मातकट, पलीकडच्या गावापर्यंत. आईच्या हातात आंबिलीचा तांब्या होता. तिला आता कमी दिसायचं. ती म्हणाली, "गुंडू, आपलं कुटं रं यात?"

मी पाणी बघितलं. बाभळी नाहीत, विहीर नाही, काही नाही. मी त्या शेतात शेवटचा कधी राबलो होतो, तेही आठवेना. पण थोरला लेक मी. मी हात लांब करून सांगितलं, "ते, समोर. उजव्या अंगाला. तिथं विहीर."

अंबाजीनं माझ्याकडं बघितलं. आई बांधाच्या कडेला बसली, मी दाखवलं तिकडं तोंड करून हात जोडले, आणि सगळी आंबील पाण्यात ओतली. ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. मी मागं उभा होतो आणि मला बरं वाटत होतं. एक काम तरी नीट झालं, असं.

परतताना आईला झोप लागली. अंबाजी बैल हाकत होता. खजुरी जवळ आली तेव्हा तो मागं न बघता म्हणाला, "अण्णा, तू दावलास त्ये आपलं न्हवतं. त्ये अमृतप्पाचं रान. आपलं डाव्या अंगाला, लई अलीकडं व्हतं."

मी म्हणालो, "मग तिथंच बोलला का नाहीस?"

"बोलणार व्हतो," अंबाजी म्हणाला. "आईनं हात धरला माझा. तिला ठावं व्हतं की. हळूच म्हनली, राहू दे, त्येला वाईट वाटंल."